विहीर आणि तिजोरी यांमधले अंतर

1974 च्या उन्हाळ्यात इराणचे शहा महंमद रझा पहलवी यांनी कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर येथे मंत्र्यांची आणि नियोजनकारांची बैठक बोलावली. आदल्या डिसेंबरात तेल निर्यातदार देशांनी तेहरानमध्ये कच्च्या तेलाचा जाहीर भाव पिंपाला 11 डॉलर 65 सेंट ठरवला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तोच भाव 3 डॉलरच्या आसपास होता. इराणचे तेलाचे वार्षिक उत्पन्न साधारण 5 अब्ज डॉलरवरून 20 अब्जांच्या घरात गेले. पाचवी विकास योजना नुकतीच सुरू झाली होती. रामसरला तिचा खर्च जवळजवळ दुप्पट करण्यात आला. बंदरे, रस्ते, वीज आणि कुशल कामगार यांपैकी कशातही इतका पैसा पचवण्याची ताकद नाही, असे नियोजन संघटनेतले अर्थतज्ज्ञ सांगत होते. शहांना थांबायचे नव्हते.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तज्ज्ञांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. खुर्रमशहर बंदराबाहेर मालाची जहाजे महिनोन्महिने नांगर टाकून उभी राहिली आणि त्यांच्या खोळंब्याचा आकार डॉलरमध्ये भरावा लागला. उतरवलेला माल हलवायला ट्रक नव्हते म्हणून हजारो ट्रक आणले. मग ते चालवायला माणसे नव्हती म्हणून दक्षिण कोरिया आणि पाकिस्तानातून चालक आणले. तेहरानची घरभाडी भडकली. महागाईचे खापर सरकारने दुकानदारांवर फोडले. 1975 मध्ये नफेखोरीविरोधी मोहीम निघाली, तरुणांची पथके बाजारात फिरू लागली आणि हजारो व्यापाऱ्यांना दंड वा कैद झाली. याच बाजाराने पुढे क्रांतीला पैसा पुरवला. 1977 मध्ये आलेले पंतप्रधान जमशिद आमूझगार यांनी खर्चाला एकदम लगाम घातला, तेव्हा बांधकामे बंद पडली आणि खेड्यांतून शहरात आलेले मजूर बेकार झाले. फेब्रुवारी 1979 मध्ये राजवट कोसळली. क्रांतीला कारणे पुष्कळ होती. दडपशाही, धर्म, अमेरिकेवरचा राग ही त्यांतली ठळक. पण एखादी राजवट तिच्या इतिहासातल्या सर्वांत श्रीमंत दशकात पडते, तेव्हा त्या श्रीमंतीचीही चौकशी व्हायला हवी.

इराणचे खरे दरडोई उत्पन्न 1976 मध्ये शिखरावर होते. 1988 मध्ये इराकबरोबरचे युद्ध थांबले तेव्हा ते जवळजवळ निम्म्यावर आले होते. याच्या जोडीला दक्षिण कोरिया ठेवून पाहा. 1977 मध्ये सोलच्या नव्याने वसणाऱ्या गंगनाम भागातल्या एका हमरस्त्याला तेहरानचे नाव देण्यात आले, कारण त्या काळात इराण हा कोरियाचा श्रीमंत यजमान होता. कोरियन कामगार तिथे पोट भरायला जात. आज त्या ‘तेहरान-रो’वर कोरियाच्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारतींची रांग आहे. कोरियाच्या जमिनीत तेलाचा थेंब नाही.

अशा जोड्या लावल्या की एक सोपा निष्कर्ष समोर येतो: तेल हा शापच. या मताला विद्वानांचा पाठिंबाही मिळाला. 1959 मध्ये हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनचे प्रचंड वायुसाठे सापडले, त्यानंतर तिथल्या कारखानदारीला ओहोटी लागली, आणि 1977 मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने या दुखण्याला ‘डच आजार’ हे नाव दिले. 1995 मध्ये अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स आणि अँड्र्यू वॉर्नर यांनी अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवले की निर्यातीत नैसर्गिक संपत्तीचा वाटा जितका मोठा, तितकी पुढची वाढ मंद. तेव्हापासून ‘साधनसंपत्तीचा शाप’ हा शब्दप्रयोग अग्रलेखांतून वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो. तो केवळ ढोबळ आहे म्हणून सोडून देता आला असता. पण तो राज्यकर्त्यांची जबाबदारी भूगर्भावर ढकलतो, हा त्याचा मोठा दोष आहे.

इराणचाच इतिहास या निष्कर्षाविरुद्ध साक्ष देतो. तिथे तेल 1973 मध्ये सापडले नाही. मे 1908 मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे पहिली विहीर उसळली, आणि अबादानचा शुद्धीकरण कारखाना पहिल्या महायुद्धाच्या आधीच उभा राहिला. पहिली चाळीस-पन्नास वर्षे मलई ब्रिटिशांनी खाल्ली. 1951 मध्ये पंतप्रधान मोसादेक यांनी तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, 1953 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेरांनी त्यांना पाडले, आणि 1954 पासून परकीय कंपन्यांच्या संघाबरोबर नफ्याची निम्मी वाटणी सुरू झाली. म्हणजे 1960 च्या दशकात इराणी सरकारकडे तेलाचा पैसा नियमित आणि वाढत्या प्रमाणात येत होता. त्या दशकाचा हिशेब काय? 1963 ते 1973 या काळात इराणची अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढली आणि महागाई बराच काळ दोन-तीन टक्क्यांवर राहिली. त्या काळात याहून सरस कामगिरी करणारे देश जगात मोजकेच होते. देश तोच होता, शहा तेच होते, हुकूमशाहीही तीच होती. तेल शाप असेल, तर तो शाप दहा वर्षे कुठे झोपला होता?

फरक पैशाच्या येण्यात होता. 1973 पूर्वी तेलाचे उत्पन्न पायरी-पायरीने वाढत गेले. भाव जवळजवळ स्थिर असत आणि वाढ उत्पादनातून येई. शिवाय त्या पैशाच्या वाटेत एक दरवाजा होता. 1954 ते 1959 या काळात नियोजन संघटनेचे प्रमुख असलेले अबुल हसन एब्तेहाज यांचा आग्रह होता, की तेलाच्या पैशाचा मोठा हिस्सा रोजच्या सरकारी खर्चात मिसळू नये. तो वेगळा ठेवून धरणे, रस्ते, कारखाने यांवरच लावावा. मंत्र्यांना ते आवडत नसे, सेनापतींना त्याहून नाही. एब्तेहाज यांना शेवटी पद सोडावे लागले आणि 1961 मध्ये त्यांना तुरुंगाची हवाही खावी लागली. तरी त्यांनी घालून दिलेली शिस्त काही वर्षे टिकली. रामसरला तिचे उरलेसुरले अवशेष गेले. विहीर आणि तिजोरी यांमध्ये काही अंतर असायला हवे, ते तिथे पुसले गेले.

माझे म्हणणे एवढेच आहे, पण त्याचे परिणाम दूरवर जातात. तेल निर्यात करणाऱ्या देशाची दीर्घकालीन वाढ त्याच्याकडे तेल किती आहे यावर ठरत नाही. तेलाच्या उत्पन्नातले हेलकावे कोण झेलतो, यावर ती ठरते. हेलकावे झेलायला मध्ये काही नसेल, तर ते अर्थसंकल्पाला बसतात, अर्थसंकल्पातून चलनाला, चलनातून कारखान्याला आणि शेवटी घरातल्या चुलीला.

हे घडते कसे, ते पाहू. राष्ट्रीय तेल कंपनी परदेशात तेल विकते. मिळालेले डॉलर मध्यवर्ती बँकेकडे जातात आणि बँक त्या बदल्यात सरकारच्या खात्यात देशी चलन टाकते. सरकार ते खर्च करते. कोणाकडूनही कर न घेता बाजारात नवा पैसा उतरलेला असतो. तो दोन दिशांना धावतो. आयात होऊ शकणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत मागणी परदेशी माल भागवतो, म्हणून त्यांचे भाव फारसे वाढत नाहीत. जमीन, घरभाडे, बांधकाम, डॉक्टरची फी हे काही बोटीतून येत नाही. त्यांचे भाव चढतात. मग भांडवलाला कारखान्यापेक्षा भूखंड गोड वाटतो आणि मजुराला शेतापेक्षा इमारतीची परांची. देशी उत्पादकाचा खर्च वाढतो, पण त्याला आपल्या मालाचा भाव वाढवता येत नाही, कारण शेजारच्या दुकानात स्वस्त आयात माल उभा असतो. डच आजाराची लक्षणे ती हीच.

आजाराचा हा अर्धा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. उरलेला अर्धा भाव पडल्यावर सुरू होतो आणि माझ्या मते जास्त घातक आहे. चढत्या भावात सरकार जी आश्वासने देते ती कायमची असतात: नोकऱ्या, पगारवाढ, स्वस्त पेट्रोल, स्वस्त भाकरी. भाव पडला म्हणून यांतले काहीच परत घेता येत नाही. मग कात्री लागते ती ज्याला मत नाही आणि मोर्चा नाही त्याला, म्हणजे विकासकामांना. अर्धे धरण, अर्धा रस्ता, छप्पर नसलेले रुग्णालय तसेच सोडून कंत्राटदार निघून जातो. पुन्हा भाव चढला की जुने काम पुरे करण्याऐवजी नव्याचे भूमिपूजन होते. उरलेली तूट मध्यवर्ती बँकेकडून नोटा घेऊन भरली जाते, महागाई उसळते, चलन घसरते. तेजीत कारखाना आयातीने मारलेला असतो; मंदीत त्याला यंत्राचे सुटे भाग आणायला डॉलर मिळत नाहीत. अशा देशात वीस वर्षांच्या मुदतीचा कारखाना कोण काढील? शहाणा माणूस डॉलर, सोने नाहीतर सदनिका घेतो. वाढ खुंटते ती या शहाणपणामुळे, आणि त्या शहाणपणाला दोष देता येत नाही.

याला आकडेवारीचा आधार आहे. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ हाशेम पेसारान आणि कामियार मोहद्देस यांनी इराणच्या शंभर वर्षांच्या तेल-उत्पन्नाचा अभ्यास करून दाखवले, की घात उत्पन्नाच्या विपुलतेने केलेला नाही. त्यातल्या अस्थिरतेने आणि ती शोषून घेणाऱ्या यंत्रणेच्या अभावाने केला आहे. पेसारान 1974 ते 1976 या काळात इराणच्या मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते; ती तेजी त्यांनी आतून पाहिलेली आहे. मोहद्देस यांनी कावालकांती आणि रईसी या सहकाऱ्यांबरोबर 118 देशांच्या 1970 ते 2007 या काळातल्या आकड्यांवरून हेच व्यापक पातळीवर मांडले: निर्यात होणाऱ्या कच्च्या मालाचे भाव वाढले तर दरडोई उत्पन्न वाढते, पण त्या भावांतली अस्थिरता ते खाली ओढते, आणि ती ओढ मुख्यतः भांडवलनिर्मितीवर पडते. अर्धवट धरणाची गोष्ट आकड्यांत लिहिली की अशी दिसते.

पेसारान आणि मोहद्देस यांचा आणखी एक मुद्दा मला मोलाचा वाटतो. तेल ही तात्पुरती चैन आहे, ती उद्या संपेल, असे धरून पाठ्यपुस्तके सल्ला देतात. इराणकडे दीडशे अब्ज पिंपांहून अधिक साठे असल्याचे सांगितले जाते. आजच्या वेगाने उपसले तर ते एक शतक सहज पुरतील. अशा देशासाठी तेल म्हणजे लॉटरी नव्हे. तेलाचे उत्पन्न बाकीच्या अर्थव्यवस्थेइतक्याच वेगाने वाढत राहिले, तर त्यातून उभे राहणारे भांडवल उत्पादनाची पातळी कायमची उंचावते. हे उत्पन्न मागे पडू लागले, तर त्याचा प्रभाव हळूहळू विरून जातो. पेसारान, मोहद्देस आणि हादी एस्फहानी यांनी नऊ मोठ्या तेल निर्यातदारांची आकडेवारी तपासली तेव्हा त्यांपैकी सहा देशांत तेलाचे उत्पन्न आणि राष्ट्रीय उत्पादन यांचा असा दीर्घकालीन संबंध आढळला. तेल पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहणार असेल, तर प्रश्न ते संपल्यावर काय करायचे हा उरत नाही. त्याच्यासोबत नांदायचे कसे, हा उरतो.

इथे कोणीही नॉर्वेचे नाव घेईल. 1969 च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क क्षेत्र सापडले. 1990 मध्ये निधीचा कायदा झाला, 1996 मध्ये त्यात पहिली रक्कम पडली, आणि आज तो निधी दीड हजार अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. सगळी गुंतवणूक देशाबाहेर. 2001 मध्ये ठरले, की अर्थसंकल्पात निधीतून घ्यायचे ते त्याच्या अपेक्षित परताव्याइतकेच. त्याचा अंदाज तेव्हा चार टक्के होता, 2017 मध्ये तो तीन टक्क्यांवर आणला. भाव चढो वा पडो, ओस्लोच्या अर्थमंत्र्याच्या हाती येणारा पैसा फारसा हलत नाही. हे अंतर विहीर आणि तिजोरी यांमध्ये मुद्दाम बांधलेले आहे. ती घडी बसवणाऱ्यांत फारूक अल-कासिम नावाचा इराकी भूशास्त्रज्ञ होता. आजारी मुलाच्या उपचारांसाठी तो 1968 मध्ये बसऱ्याहून पत्नीच्या देशात आला आणि नॉर्वेच्या उद्योग खात्यात कामाला लागला. म्हणजे तेलाचे शहाणपण पश्चिम आशियात जन्मतच नाही, हेही म्हणायला जागा नाही. ते शहाणपण तिथलाच माणूस घेऊन आला. फरक त्याचे ऐकणाऱ्या खात्याचा होता.

तरीही नॉर्वेचा कित्ता गिरवा, हा सल्ला मला अर्धाच पटतो. नॉर्वेत तेल येण्याआधी कर गोळा करणारी नोकरशाही, निवडणुका, स्वतंत्र न्यायालये आणि साक्षर जनता होती. शिवाय पन्नास-पंचावन्न लाख लोकांच्या देशाला पैसा बाहेर ठेवणे परवडते. खेड्यात शाळा नाही, विहिरीला वीज नाही, अशा कोट्यवधींच्या देशाने सगळे डॉलर न्यूयॉर्कच्या रोख्यांत ठेवावेत, हे सांगणे क्रूरपणाचे आहे. गरीब देशाला घरात गुंतवणूक हवीच असते. तिचा वेग देशाच्या पचनशक्तीपेक्षा जास्त नसावा, एवढेच पाहायचे.

म्हणून इराणच्या शेजारी नॉर्वेपेक्षा इंडोनेशिया ठेवून पाहणे जास्त बोधप्रद आहे. तोही ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा सदस्य होता, गरीब होता, मोठ्या लोकसंख्येचा होता आणि लष्करी हुकूमशहाच्या हाती होता. सुहार्तो यांची राजवट भ्रष्ट आणि रक्ताने माखलेली होती, यात दुमत नाही. पर्टामिना या सरकारी तेल कंपनीने 1975 पर्यंत दहा अब्ज डॉलरहून अधिक कर्जे करून ठेवली, तेव्हा इंडोनेशियाही त्याच खड्ड्याकडे निघाला होता. पण तिथे हिशेब ताब्यात घेतला गेला आणि कंपनीच्या प्रमुखाला घरी बसवले. तेलाच्या पैशातून 1973 ते 1978 या काळात 61 हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. पुढे नोबेल मिळवलेल्या एस्तेर दुफ्लो यांनी त्याच शाळांचा अभ्यास करून दाखवले, की त्यांनी मुलांचे शिक्षणही वाढवले आणि मोठेपणीची कमाईही. खते, पाटबंधारे आणि भाताचे बियाणे यांवर पैसा लागला. 1984 मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. सर्वांत धाडसाची गोष्ट नोव्हेंबर 1978 मध्ये झाली. तिजोरीवर कसलेही संकट नसताना सरकारने रुपियाचे अवमूल्यन करून डॉलरचा दर 415 वरून 625 वर नेला. तेलामुळे फुगलेल्या चलनाखाली शेतकरी आणि छोटे कारखानदार चिरडले जात होते, त्यांना श्वास मिळाला. 1980 च्या दशकात तेल कोसळले तेव्हा इंडोनेशियाकडे विकायला कापड, पादत्राणे आणि प्लायवूड होते.

त्याच वर्षांत नायजेरियाने काय केले? 1975 मध्ये सुमारे 2 कोटी टन सिमेंटची मागणी नोंदवली. लागोस बंदराला त्यातला छोटासा हिस्साही वेळेत उतरवता येण्यासारखा नव्हता. शेकडो जहाजे समुद्रात ताटकळली, आणि खोळंब्याचा आकार सिमेंटच्या किमतीशी शर्यत करू लागला. 1979 मध्ये काम सुरू झालेल्या अजाओकुटा पोलाद प्रकल्पाने आजतागायत धड पोलाद दिलेले नाही.

दोन्हीकडे लष्करी राजवटी, दोन्हीकडे भ्रष्टाचार. मग एक का सावरला? लोकशाही हे उत्तर इथे चालत नाही. मला दिसणारे उत्तर असे: सुहार्तो यांना जावाच्या खेड्याची भीती होती. 1966 मध्ये महागाई 600 टक्क्यांच्या पुढे गेली होती आणि भाताच्या टंचाईने आधीच्या राजवटीची काय गत केली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. खेडे उपाशी राहिले तर खुर्ची जाते, हे ठाऊक असलेला शासक तेलाचा पैसा भाताकडे वळवतो. इराणच्या शहांना आपल्या खेड्याची तशी धास्ती नव्हती. अन्नधान्य आयात करता येईल इतके डॉलर हाताशी होते. 1970 मध्ये इराणी अर्थतज्ज्ञ हुसेन महदवी यांनी इराणचेच उदाहरण घेऊन अशा राज्याचे वर्णन केले होते: रयतेच्या करावर न चालता बाहेरून येणाऱ्या खंडावर चालणारे राज्य. ज्याला प्रजेकडे हात पसरावा लागत नाही, त्याला तिचे ऐकण्याचीही निकड वाटत नाही. रामसरला तज्ज्ञ बोलत होते. पण त्यांचे न ऐकल्याबद्दल किंमत वसूल करील असे कोणी त्या खोलीत नव्हते.

एखादा म्हणेल, मग निधी काढला की झाले. इराणने तोही काढून पाहिला. 2000 मध्ये अध्यक्ष खातमींच्या काळात तेलाच्या जादा उत्पन्नासाठी वेगळे खाते उघडण्यात आले. अर्थसंकल्पात धरलेल्या उत्पन्नापेक्षा जास्त आलेला पैसा तिथे जायचा आणि मंदीत कामी यायचा. पहिल्या वर्षांतच सरकार आणि संसद मिळून त्यातून काढू लागले. 2005 मध्ये महमूद अहमदीनेजाद अध्यक्ष झाले. तेलाची मिळकत गंगेला पूर आल्यासारखी वाढली, आणि खाते तरीही रिते होत गेले. 2007 मध्ये त्यांनी नियोजन संघटनाच बरखास्त केली. 2005 ते 2010 या काळात डॉलरचा दर 9 ते 10 हजार रियालच्या आसपास दाबून ठेवला गेला आणि देशातले भाव मात्र दुप्पट झाले. याचा अर्थ आयात दरवर्षी स्वस्त आणि इराणी माल दरवर्षी महाग. मग 2012 मध्ये निर्बंध आले, तेलाची निर्यात जवळजवळ निम्मी झाली, आणि काही महिन्यांत खुल्या बाजारात डॉलर 35 हजार रियालपर्यंत गेला. 2025 मध्ये त्याने 10 लाखांचा आकडा ओलांडला. 2011 मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय विकास निधीही दर टंचाईत सरकारच्या नजरेसमोर असतो. नियम कागदावर होता. तो मोडणाऱ्याला अडवणारे कोणी नव्हते. ज्या तिजोरीची किल्ली खर्च करणाऱ्याच्याच कनवटीला असते, तिला कुलूप लावण्यात अर्थ नसतो.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप आहे. इराणवर 1953 चा सत्तापालट लादला गेला, आठ वर्षांचे युद्ध लादले गेले, 2018 मध्ये अमेरिकेने अणुकरार एकतर्फी मोडून निर्बंध परत आणले. या सगळ्याचा दोष तिजोरीच्या व्यवस्थेवर कसा टाकता? तो सगळा टाकता येत नाही. निर्बंधांनी सामान्य इराणी माणसाचे जे हाल केले, त्याची जबाबदारी निर्बंध घालणाऱ्यांवरही आहे. पण दोन गोष्टी विसरू नयेत. 1974 ते 1977 या काळात युद्ध नव्हते, निर्बंध नव्हते, अमेरिका मित्र होती, आणि घडी तरीही विस्कटली. दुसरे असे, की निर्बंध हाही तेलाच्या उत्पन्नातला एक हेलकावाच आहे, फक्त तो बाजाराऐवजी राजधान्यांत ठरतो. ज्या देशाचा अर्थसंकल्प एका मालाच्या विक्रीवर उभा आहे, त्याला वाकवायला शत्रूला एकच नळ बंद करावा लागतो. अंतराचा अभाव हा अशा देशाच्या परराष्ट्र धोरणाचाही कमकुवत दुवा असतो.

या सगळ्याच्या तळाशी हिशेबाची एक चूक आहे, आणि ती तेलापुरती नाही. जमिनीतून काढून विकलेले तेल हे उत्पन्न नव्हे. ती मालमत्तेची विक्री आहे. महामार्गात जमीन गेलेला शेतकरी मोबदल्याची रक्कम वर्षाची कमाई समजून गाडी आणि लग्न यांत घालतो, तेव्हा गावाला त्याचे भविष्य दिसत असते. तेच एखादे सरकार करते, तेव्हा आपण त्याला विकासदर म्हणतो. राष्ट्रीय उत्पादनाचे आकडे विक्रीची रक्कम मिळवतात. साठ्यातली घट वजा करत नाहीत. म्हणून तेजीच्या वर्षांत असे देश कागदावर झपाट्याने वाढताना दिसतात. खरा प्रश्न एवढाच, की जमिनीखालच्या मालमत्तेच्या जागी जमिनीवर कोणती मालमत्ता उभी राहिली: शाळा, कालवे, कसब, कारखाने, की नुसते भूखंडाचे भाव?

हा प्रश्न विचारायला आपल्याला इराणला जावे लागत नाही. गोव्याचे लोहखनिज हे तेलाचेच छोटे भावंड आहे. चीनच्या मागणीने भाव चढले तशा खाणी फुगल्या, डोंगर पोखरले गेले, ट्रक आणि बार्जेस यांवर गावांचा संसार उभा राहिला. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ती गावे एका रात्रीत मोकळी पडली. कर्जाचे हप्ते तेवढे चालू राहिले. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल देताना खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी एका कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. दहा टक्के पुरेसे नाहीत, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे: मालमत्ता विकून आलेल्या पैशातला एवढाच भाग मालमत्ता म्हणून का जपायचा, आणि बाकीच्याला उत्पन्न म्हणायचा अधिकार कोणी दिला? पण खनिज ही मिळकत नसून वारसा आहे, हे तत्त्व आपल्या देशात न्यायालयाला सांगावे लागले. ते विधिमंडळाला सुचले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा एखाद्या तेलसंपन्न देशाचे पुढे काय होईल, हे जाणायचे असेल, तर त्याच्या साठ्यांचे आकडे पाहू नयेत आणि तेजीतल्या विकासदराने तर मुळीच भुलू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. भाव निम्मा झाला तर पहिली कात्री कशाला लागते? मध्ये ठेवलेल्या पैशाची किल्ली कोणाकडे आहे, आणि ती मागणाऱ्या पंतप्रधानाला नाही म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशीही आपल्या खुर्चीत बसलेला असतो का? आणि तेलाचा एकही डॉलर न मिळणाऱ्या शेतकऱ्याला, चर्मकाराला, विणकराला आपला माल विकून जगता येते का? एब्तेहाज यांना तुरुंगात पाठवणाऱ्या देशाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 1961 मध्येच देऊन ठेवले होते. त्यानंतरच्या प्रत्येक तेजीत त्याने फक्त त्या उत्तराची किंमत मोजली.